ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: नकाशावर काश्मीर-कन्याकुमारी, तिकिटावर १ तास ४० मिनिटं. खरं काय?

आडवाटेचा आप्पा (धागाकर्ता)
१२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त, मुक्काम सांगली. लेक नॉर्वेत ट्रॉम्सोच्या विद्यापीठात संशोधन करते. मार्चच्या सुरुवातीला आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. ती म्हणते, आलाच आहात तर चार दिवस लाँगइयरब्येनला जाऊन येऊ. हे गाव स्वालबार्ड बेटांवर, ७८ अंश उत्तरेला. त्याच्या वर मग ध्रुवच.

आता अडचण अशी. सौ.चे गुडघे दोन तासांच्या वर विमानात बसू देत नाहीत. म्हणून मी दिवाणखान्यातल्या जगाच्या नकाशावर सुतळी धरली. एक टोक ट्रॉम्सोवर, दुसरं लाँगइयरब्येनवर. तीच सुतळी खाली आणून भारतावर ठेवली तर कन्याकुमारीपासून पार काश्मीरच्या वरच्या टोकापर्यंत गेली! म्हणजे तीन हजारांच्या वर किलोमीटर. चार-साडेचार तासांचं उड्डाण. सौ.ने तिथल्या तिथे नकार दिला.

लेकीने तिकीट दाखवलं, त्यावर १ तास ४० मिनिटं. अंतर सांगणारं एक संकेतस्थळ पाहिलं, ते म्हणतं ९५७ किमी आणि १ तास १२ मिनिटं. सुतळी, तिकीट आणि संकेतस्थळ, तिघांची तीन तोंडं. बँकेत असा ताळेबंद आला असता तर मी सही केली नसती. कोणाचं खरं मानायचं?

---

खमंग काकडी
१२ जानेवारी, रात्री ९:५८

रुमाल टाकून ठेवते. नीट प्रतिसाद उद्या.

अवांतर शंका: काकूंना दोन तासांच्या वर बसवत नाही, मग मुंबईहून ट्रॉम्सोपर्यंत कशा येणार?

---

आडवाटेचा आप्पा
१२ जानेवारी, रात्री १०:१५

काकडीताई, तो प्रश्न मी घरात एकदा विचारलाय. पुन्हा विचारणार नाही. लेकीसाठी बारा तासही चालतात, बर्फासाठी दोन तासांच्या वर एक मिनिट नाही, असा निकाल आहे.

---

रेखांश
१२ जानेवारी, रात्री ११:०५

आप्पा, सुतळीचा दोष नाही, नकाशाचा आहे. एकच सांगा, भिंतीवरच्या नकाशात आडव्या रेषा, म्हणजे अक्षांश, वर जाताना एकमेकींपासून लांब लांब जातात का? आणि ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं का?

---

आडवाटेचा आप्पा
१२ जानेवारी, रात्री ११:२०

आत्ता उठून बॅटरी लावून पाहिलं. हो आणि हो.

---

रेखांश
१३ जानेवारी, सकाळी ७:३०

मग तो मर्केटरचा नकाशा. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, दरवर्षी याच ठिकाणी अर्धा वर्ग फसायचा. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा केला तो खलाशांसाठी. समुद्रात एकच दिशा धरून जायचं तर नकाशावर सरळ रेघ यावी, एवढंच त्याला हवं होतं. त्याची किंमत म्हणून ध्रुवाकडचं सगळं फुगतं. किती फुगतं, तर अक्षांशाच्या कोसाइनने १ ला भागायचं. मुंबईच्या १९ अंशावर १.०६ पट, म्हणजे कळणारही नाही. ट्रॉम्सोच्या जवळपास ७० अंशावर सुमारे २.९ पट. लाँगइयरब्येनला ४.९ पट!

तुमची सुतळी मी कागदावर तपासली. मर्केटरच्या सूत्राने ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन ही नकाशावरची लांबी आणि ८ अंश ते ३७ अंश ही भारताची लांबी काढली, तर दोन्ही अक्षरशः सारख्या येतात, शंभरात एकाचाही फरक नाही. तुम्ही मोजलं ते अगदी बरोबर मोजलंत. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किमी आणि या दोन विमानतळांमधलं अंतर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, एवढंच काय ते नकाशाने लपवलं.

आता खरं अंतर तोंडी काढू. ट्रॉम्सोचा विमानतळ ६९.६८ उत्तर, लाँगइयरब्येनचा ७८.२५ उत्तर. फरक साडेआठ अंशांच्या किंचित वर. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किमी. झाले ९५० च्या आसपास. उरले रेखांश: १८.९ आणि १५.५ पूर्व, फरक साडेतीन अंश. मुंबईत रेखांशाचा एक अंश म्हणजे १०५ किमी. ट्रॉम्सोला तोच ३९ किमी होतो, लाँगइयरब्येनला जेमतेम २३. म्हणजे विमान पश्चिमेला सरकतं ते फक्त शंभरेक किलोमीटर. साडेनऊशे उभे, शंभर आडवे, पायथागोरस लावा, ९५७ येतात. संकेतस्थळाचं अंतर खरं आहे.

---

काटेकोर
१३ जानेवारी, सकाळी ९:१२

९६१ किमी. पृथ्वी गोल नाही, ध्रुवाकडे चपटी आहे. त्यामुळे तिथे अक्षांशाचा एक अंश १११.२ नसून १११.६ च्या जवळ भरतो. ९५७ हे पृथ्वी चेंडू समजून काढलेलं.

---

निवांत नाना
१३ जानेवारी, सकाळी ९:३०

आले. चार किलोमीटरचा हिशोब मागायला आले.

---

काटेकोर
१३ जानेवारी, सकाळी ९:३४

नाना, चार किलोमीटर म्हणजे विमानाची अठरा सेकंदं. गुडघे आमचे नाहीत म्हणून सोडून देतो.

---

धावपट्टी
१३ जानेवारी, दुपारी १:५०

अंतराचं रेखांशबाईंनी उरकलं, वेळेचं मी सांगतो. वीस वर्षं विमानांच्या उड्डाणांची आखणी करतोय, मुंबईत.

संकेतस्थळाने काय केलंय तर ९५७ ला ८०० ने भागलंय, बस. १ तास १२ मिनिटं. म्हणजे विमान ट्रॉम्सोच्या धावपट्टीवर उभ्या उभ्याच ताशी ८०० ने निघालं आणि त्याच वेगाने पलीकडे जाऊन गपकन थांबलं. तसं होत नाही. मागे ढकलायचं, टॅक्सी करायची (म्हणजे जमिनीवरूनच धावपट्टीपर्यंत जायचं), वर चढताना वेग कमी, उतरताना आणखी कमी, पुन्हा टॅक्सी. आमच्याकडे नवीन पोरांना अंदाजासाठी सांगतो: किलोमीटर भागिले ८००, अधिक अर्धा तास. इथे लावा: १ तास १२ अधिक ३०, झाले १ तास ४२. तिकिटावर १ तास ४०. जुळलं.

तिकिटावर असते ती दारापासून दारापर्यंतची वेळ, हवेतली नव्हे. हवेत तुम्ही दीड तासाच्या आतबाहेर असाल.

तुलनेसाठी, मुंबई-चेन्नई हवाई अंतर हजाराच्या थोडं वर. जवळपास तेवढंच. पण तिकिटावर दोन तासांच्या आसपास लिहिलेलं असतं, कारण मुंबईत विमान रांगेत उभं राहतं, वर आकाशात घिरट्या घालतं, तो सगळा वेळ धरूनच वेळापत्रक होतं. ट्रॉम्सोच्या लांगनेस विमानतळावर रांग कसली. दुसरं म्हणजे हा मार्ग जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण. वरचे जोराचे वारे बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे कुशीवर येतात. त्यामुळे जाताना आणि येताना वेळेत फार फरक पडत नाही. दिल्लीहून युरोपला जाताना-येताना जो तासाभराचा फरक दिसतो तो इथे शोधू नका.

आता खरी गोष्ट. १ तास ४० हे चांगल्या दिवसाचं उत्तर. लाँगइयरब्येनला ढग खाली आले किंवा वारा आडवा सुटला तर वैमानिक दुसरीकडे कुठे जाणार? शेजारी मोठा विमानतळच नाही. परत मुख्य भूमीवर. म्हणून परतीचं इंधन घेऊनच निघतात. वाईट दिवशी तुम्ही सव्वातीन तास विमानात बसून जिथून निघालात तिथेच उतरता. काकूंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

---

आडवाटेचा आप्पा
१३ जानेवारी, दुपारी ३:२०

धावपट्टी साहेब, मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद सोडून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

---

गोलमटोल
१३ जानेवारी, दुपारी ४:०५

समुद्रावर मध्येच एक इंजिन बंद पडलं तर? सहज विचारतोय.

---

धावपट्टी
१३ जानेवारी, दुपारी ४:४०

अगदी मधोमध गाठलं तरी दोन्हीकडचा विमानतळ ४८० किमीवर. एका इंजिनावर तासाभराच्या आत पोचतं. अटलांटिक ओलांडायला दोन इंजिनांच्या विमानाला जी खास परवानगी लागते ती इथे लागतच नाही. मध्ये बेअर आयलंड नावाचं एक बेट आहे, साधारण निम्म्या वाटेवर, हवामान केंद्रापुरती माणसं. ढग नसले तर खिडकीतून शोधा.

---

पानसुपारी
१३ जानेवारी, सायंकाळी ६:१५

धोक्याचा विषय निघालाच आहे तर १९९६ ची गोष्ट सांगायला हवी. २९ ऑगस्टला मॉस्कोहून रशियन आणि युक्रेनियन खाणकामगार आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन आलेलं तुपोलेव १५४ लाँगइयरब्येनला उतरताना ओपेराफ्येल डोंगरावर आदळलं. सगळे १४१ जण गेले. नॉर्वेच्या भूमीवरचा तो आजवरचा सर्वात मोठा विमान अपघात.

---

खमंग काकडी
१३ जानेवारी, सायंकाळी ६:२२

अहो पानसुपारी, काकू वाचत असतील ना!

---

पानसुपारी
१३ जानेवारी, सायंकाळी ६:३०

भीती घालायला नाही लिहिलं. त्या विमानात उतरण्याची दिशा धरताना गडबड झाली, ढगात ते खोऱ्याच्या मध्यरेषेपासून बाजूला गेलं. आजचं मार्गदर्शन वेगळं आहे. पण तिथे आजूबाजूला डोंगर आहेत आणि वैमानिक उगाच परत फिरत नाही, एवढं समजलं तर परत फिरल्यावर चिडचिड होत नाही. म्हणून लिहिलं.

---

सडा वास्को
१४ जानेवारी, सकाळी ८:००

धागा गोव्याच्या दारात आणतो. आमच्या वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताचं आर्क्टिकमधलं केंद्र ‘हिमाद्री’ तिथूनच चालतं. १ जुलै २००८ ला सुरू झालं, स्वालबार्डवरच, नी-ऑलेसुंड नावाच्या गावात. मी एका उन्हाळी मोहिमेत उपकरणं बसवायला गेलो होतो.

आप्पा जिथे उतरणार तिथून आमचा पुढचा टप्पा. लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंड हवेतून ११० किमी, पंचवीस मिनिटं. विमान दोन पंख्यांचं छोटं डॉर्निअर २२८. या जातीची विमानं आपल्याकडे कानपूरला परवान्यावर बनतात. पोर्तुगालहून नव्हे, पण कानपूरहून कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं. पर्यटकांना हे तिकीट सहज मिळत नाही, नी-ऑलेसुंडच्या कामाला जाणाऱ्यांसाठीच ते असतं.

त्या पंचवीस मिनिटांत मी एकदाही सीटला टेकलो नाही. खाली हिमनद्या, त्यांच्यावर निळ्या भेगा, नांगरटीसारख्या. मग फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीचं, काळं पाणी आणि एकदम खडीची धावपट्टी.

मजा पुढे. आपल्याकडे विमान उतरलं की सगळे फोन चालू करतात. इथे उतरल्यावरही फोन विमान-मोडवरच ठेवायचा! गावाभोवती वीस किलोमीटरपर्यंत वायफाय, ब्लूटूथ बंद. अतिदूरच्या क्वासारांकडून (दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांकडून) येणाऱ्या रेडिओलहरी पकडून पृथ्वीची मापं घेणाऱ्या मोठ्या दुर्बिणी तिथे आहेत, त्यांना आपल्या फोनची कुजबुज चालत नाही. माझं मनगटावरचं घड्याळसुद्धा मुकं करायला लावलं. तिथल्याच चीनच्या ‘यलो रिव्हर’ केंद्राच्या दारात मात्र दोन दगडी सिंह बसलेत. बर्फात सिंह बघून खूप बरं वाटलं.

---

रेखांश
१४ जानेवारी, सकाळी ८:४५

वा! आणि आप्पांच्या धाग्याला शोभेल असं अजून एक: याच गावातून १९२६ च्या मे महिन्यात अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले ‘नॉर्गे’ वायुनौकेतून निघाले आणि ध्रुवावरून अलास्कातल्या टेलरला उतरले. तीन दिवस लागले. वायुनौका बांधायचा तो मनोरा अजून उभा आहे.

डिसेंबर २०२३ पासून भारताने हिमाद्रीवर हिवाळ्यातही माणसं ठेवायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा सहभाग होता. पाषाणहून थेट ध्रुवीय रात्रीत.

---

निवांत नाना
१४ जानेवारी, सकाळी १०:१०

पाषाणहून हिंजवडीला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ट्रॉम्सोहून लाँगइयरब्येन होतं, हे या धाग्यातून घेऊन मी निघतो.

---

उत्तरेचा उन्हाळा
१४ जानेवारी, रात्री ११:५५ (इकडे दुपार)

मी कॅनडातून. नुनावुतमध्ये विजेच्या कामावर दोन हंगाम काढलेत, म्हणून राहवत नाही.

तुम्ही सगळे अंतरावरून वेळ काढताय. उत्तरेत आधी विमान कुठलं ते विचारायचं. आमच्याकडे रेझोल्यूट ते ग्रीस फियर्ड. हवेतून ३८० किमी, आप्पांच्या अंतराच्या निम्म्याहून कमी. पण जातं ते ट्विन ऑटर, ताशी पावणेतीनशेने. दीड तास! म्हणजे वेळ तुमच्याइतकाच. जेट नेता येत नाही, कारण ग्रीस फियर्डची धावपट्टी खडीची आणि फारच आखूड, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. लाँगइयरब्येनला अडीच किलोमीटरच्या जवळपास डांबरी धावपट्टी आहे, ती १९७५ मध्ये झाली म्हणून तर ट्रॉम्सोहून जेट पावणेदोन तासांत पोचतं.

आणि धावपट्टी साहेबांचं सूत्र इथे चालत नाही. माझा ३८० किमीचा प्रवास चार दिवसांचा झाला. रेझोल्यूटला रोज सकाळी सामान बांधायचं, धुक्याकडे बघायचं, सामान सोडायचं. तिसऱ्या दिवशी निघालो, ग्रीस फियर्डच्या वर पोचलो, खाली काही दिसेना, परत आलो. चढताना सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात. वैमानिक स्वतःच पेट्या लादत होता. माझ्या शेजारच्या सीटवर माणूस नव्हता, डायपरचे खोके होते, पट्ट्याने बांधलेले.

होकायंत्राचंही तिथे काही खरं नाही. चुंबकीय उत्तर इतकी जवळ की धावपट्ट्यांच्या दिशा खऱ्या उत्तरेवरून लिहितात.

या दोन्ही गावांत १९५३ मध्ये कॅनडा सरकारने क्वेबेकच्या इनुक्जुआकहून इनुइट (उत्तरेतल्या मूळ रहिवाशांची) कुटुंबं आणून सोडली, दोन वर्षांत परत नेऊ असं सांगून. नेलं नाही. २०१० मध्ये सरकारने माफी मागितली. ज्यांना आणलं त्यांना किलोमीटर कोणी सांगितले होते, कोण जाणे. ग्रीस फियर्डचं इनुइट नाव औसुइत्तुक, म्हणजे जिथे बर्फ वितळतच नाही अशी जागा.

---

खमंग काकडी
१५ जानेवारी, सकाळी ९:००

डायपरचं खोकं पट्ट्याने बांधलेलं! डोळ्यासमोर आलं. वाचनखूण साठवली.

---

पासपोर्टवाली पमा
१५ जानेवारी, सकाळी ११:४५

आप्पा, सगळे आकाशात आहेत, मी जमिनीवरचं विचारते. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) किती प्रवेशांचा आहे? एक की दोन?

स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे. १९२० च्या स्वालबार्ड कराराने तिथे जायला कोणालाच व्हिसा लागत नाही. (त्या करारावर तेव्हाच्या ब्रिटिश सरकारमार्फत भारताचंही नाव आहे.) पण तिथे जायची वाट नॉर्वेतून. ट्रॉम्सोहून निघालात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. परत आलात की पुन्हा आत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येताना दारात अडकाल. ट्रॉम्सोला पासपोर्ट तपासतात. ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्यांनासुद्धा तिथे उतरवतात, शिक्का मारून त्याच विमानात परत बसवतात.

आमचं असंच झालं होतं. एजंट म्हणाला, नॉर्वेच तर आहे, एक पुरे. ट्रॉम्सोच्या खिडकीतल्या बाईंनी पान उलटलं, पुन्हा पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, जायला हरकत नाही, पण परत कसे येणार? बॅगा विमानातून उतरवल्या. हॉटेलचे पैसे बुडाले. एजंटाने फोन उचलणं बंद केलं. ते चार दिवस आम्ही ट्रॉम्सोत भर पावसात काढले.

---

आडवाटेचा आप्पा
१५ जानेवारी, दुपारी १२:३०

पमाताई, तुमचे पाय कुठे आहेत? अर्ज परवा आहे आणि फॉर्मवर एजंटाने ‘एक’वरच खूण केली होती. आत्ता फोन करून ‘अनेक’ करायला लावलं. त्याचा सूर असा की मी त्याला पृथ्वी गोल आहे हे शिकवतोय.

---

काटेकोर
१५ जानेवारी, दुपारी १२:३६

गोल नाही. चपटी.

---

सखुबाईचा नातू
१५ जानेवारी, रात्री ८:२०

मार्चच्या सुरुवातीला जाताय म्हणून सांगतो. लाँगइयरब्येनला साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. नंतर येतो, पण गाव डोंगरांच्या आड, त्यामुळे ऊन गावात पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी सगळं गाव जमतं, पायऱ्यांवर ऊन पडलं की जल्लोष. तिथली संक्रांतच म्हणा. शक्य असेल तर तारीख तशी धरा.

---

आडवाटेचा आप्पा
१६ जानेवारी, सकाळी ७:१०

तिकीट ६ मार्चचं काढलं, परत १० ला. सौ. म्हणाल्या, ऊन बघायला एवढं लांब जायचं तर सांगलीत काय कमी आहे? पण होकार आला. सगळ्यांचे आभार. आल्यावर लिहीन.

---

आडवाटेचा आप्पा
२४ मार्च, रात्री ९:०५

धागा वर काढतोय. आलो परत.

ट्रॉम्सोला सकाळपासून बर्फ पडत होता. पासपोर्टाच्या खिडकीत पमाताईंची आठवण काढली. दोन शिक्के, दहा मिनिटं, सुटलो. विमानात बसलो, दार बंद झालं आणि सौ.ने घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. विमान हलेचना. खिडकीतून पाहिलं तर एका गाडीवर उंच पाळण्यात माणूस उभा आणि पंखांवर केशरी गरम पाणी मारतोय, वाफाच वाफा. जणू गणपतीच्या आधी घर धुवायला काढलंय. मग त्यावर हिरवट दाट काहीतरी लेपलं. लेक म्हणाली, बर्फ पंखाला चिकटू नये म्हणून. त्यात वीस-बावीस मिनिटं गेली.

हवेत १ तास २७ मिनिटं. दार बंद ते दार उघडं २ तास ४ मिनिटं. सौ.ने आकडा बोर्डिंग पासच्या मागे लिहून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं फक्त.

बेअर आयलंड दिसलं नाही, ढग होते. शेवटची दहा मिनिटं मात्र ढग फाटले आणि दोन्ही बाजूंना पांढरे सुळके, वर सपाट, जसे कोणी सुरीने कापलेत. पानसुपारी, तुमची गोष्ट आठवली. काही बोललो नाही.

विमानतळाबाहेर पाट्यांचा एक खांब आहे, प्रत्येक पाटीवर एका शहराचं अंतर. वर अस्वलाची पाटी, धोका म्हणून. तिथे उभं राहून कळलं की ओस्लो दोन हजार किमी मागे राहिलंय आणि ध्रुव तेराशेच्या आसपास पुढे. म्हणजे राजधानीपेक्षा ध्रुव जवळ!

८ मार्चला पायऱ्यांपाशी गेलो. पोरांनी तोंडाला पिवळे रंग फासले होते. ढगाळ होतं, ऊन नीट पडलंच नाही. तरी गाव ओरडलं. सौ.सुद्धा ओरडली, हे मी स्वतः ऐकलं.

---

रेखांश
२४ मार्च, रात्री ९:३०

आप्पा, फार छान. नकाशाचं काय केलंत?

---

आडवाटेचा आप्पा
२४ मार्च, रात्री ९:४२

भिंतीवरच आहे. नातवासाठी पृथ्वीगोल आणलाय, सुतळी आता त्याच्यावर चालते. तिथे ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन बोटाच्या पेराएवढं भरतं.

---

खमंग काकडी
२४ मार्च, रात्री ९:५०

काकूंना काय आवडलं ते सांगा आधी.

---

आडवाटेचा आप्पा
२४ मार्च, रात्री १०:०३

हॉटेलच्या दारात बूट काढायचे. संग्रहालयातही तेच. कोळशाच्या खाणीतून येणारे लोक काजळी आत आणू नयेत म्हणून पडलेली पद्धत, अजून पाळतात. सौ.ने बूट काढून भिंतीशी नीट जोडीने लावले, माझेही सरळ केले आणि पहिल्यांदा म्हणाली, बरी माणसं दिसतात.

---

निवांत नाना
२४ मार्च, रात्री १०:१०

आणि ती वरची चार मिनिटं?

---

आडवाटेचा आप्पा
२४ मार्च, रात्री १०:१६

येताना १ तास ३६ मध्ये दार उघडलं. चार वळती करून घेतली, वीस मिनिटं खात्यात शिल्लक आहेत.